लुकलुकत्या दिव्याची बखर

नांदेडहून निघून अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे टाकीत उत्तरेकडे जाणारा रस्ता हिंगोली जिल्ह्याच्या हद्दीत शिरतो, तेव्हा कळमनुरी तालुक्यातील वारंगा फाटा या ठिकाणी त्याच्या दोन वाटा होतात. एक आखाडा बाळापूर, कळमनुरी, हिंगोली, वाशीम अशी गावे घेत अकोल्याला जाते आणि दुसरी हदगाव, उमरखेड, महागाव यांच्या अंगाने यवतमाळ व पुढे वर्धा-नागपूरकडे वळते. सरकारी दप्तरात पहिलीला 161 आणि दुसरीला 361 हा राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक आहे. पण ज्यांचा या रस्त्यांशी पोटापाण्याचा संबंध आहे, ते क्रमांकाने बोलत नाहीत, ते फाट्याच्या नावाने बोलतात, आणि फाट्याचे नाव काढले की बहुतेकांच्या तोंडी दुसरा शब्द येतो तो खिचडीचा. इथल्या खिचडीचा लौकिक एवढा दूरवर गेला आहे, की तिच्यासाठी वाट वाकडी करणारी माणसे मी पाहिली आहेत. या स्थळी गढी नाही, शिलालेख नाही, कोण्या सरदाराची छत्री नाही, त्यामुळे इतिहासकाराने येथे थांबावे असे सकृद्दर्शनी काही दिसत नाही. तथापि ज्या एका क्षुद्र वस्तूचा वृत्तान्त येथे सांगावयाचा आहे, ती वस्तू गढीकोटात सापडणारी नव्हे. ती ट्रकच्या मागच्या फळीवर, हॉटेलच्या पाटीवर, लग्नाच्या मांडवात आणि शाळकरी मुलाच्या पुठ्ठ्यावर सापडते. ती वस्तू म्हणजे आपोआप लागणारा आणि आपोआप विझणारा दिवा.

आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचा इतिहास लिहिण्याची जी प्रथा पडली आहे, तिच्यात बंगळूरचे कारखाने येतात, मुंबईच्या प्रयोगशाळा येतात, दिल्लीचे आयोग आणि त्यांचे अहवाल येतात. ते सर्व यथास्थित आहे. परंतु ही विद्या मराठवाड्यासारख्या मुलखात ज्या मार्गाने आली तो मार्ग अहवालांचा नव्हता, शब्दशः रस्त्याचा होता, आणि तो समजून घ्यावयाचा तर वारंगा फाट्यासारख्या जागी उभे राहून पाहणे अधिक श्रेयस्कर, असे माझे मत आहे.

हा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती आणि ती 1903 पर्यंत टिकली. उमरखेड-पुसदकडचा मुलूख मात्र वऱ्हाडात मोडत असे, आणि वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभारात गेलेले व 1902 च्या करारान्वये त्यांच्याकडे कायमच्या पट्ट्याने राहिलेले. म्हणजे आज ज्या वाटेने कापसाचे आणि हळदीचे ट्रक विनासायास जातात, त्याच दिशेने पूर्वी जाणाऱ्याला एक राज्य सोडून दुसऱ्यात पाऊल टाकावे लागे. मालावर करोडगिरीची जकात, खिशात हाली सिक्का, आणि सरहद्द ओलांडली की कलदार रुपयाचा व्यवहार, असा तो मामला होता. रेल्वे आली ती पूर्णेहून वसमतमार्गे हिंगोलीकडे गेली आणि हा भाग तिने बाजूला टाकला. त्यामुळे येथील दळणवळण प्रथमपासून चाकाच्या गाडीवर, आधी बैलांच्या आणि मग पेट्रोल-डिझेलच्या, अवलंबून राहिले. निजाम सरकारच्या रेल्वे खात्याने 1932 साली सत्तावीस मोटारगाड्यांनिशी रस्ता वाहतुकीचा विभाग सुरू केला. मराठवाडा पुढे महाराष्ट्रात आल्यावर 1961 साली राज्य परिवहन महामंडळाच्या लाल गाड्यांनी तो वारसा घेतला. हिंगोली जिल्हा तर फारच अलीकडचा, 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा काढलेला.

रस्ता दिवसा चालत होता तोवर दिव्याचे काही काम नव्हते. रात्रीची वाहतूक वाढली, लांब पल्ल्याचे मालट्रक रात्र-रात्र धावू लागले, तेव्हा अंधारात येणाऱ्याला दोन गोष्टी आगाऊ कळणे अगत्याचे झाले : पुढे वाट फुटते आहे, आणि पुढची गाडी कोणत्या वाटेला वळणार आहे. स्थिर दिवा या कामी अपुरा पडतो. अंधारात दूरवर एक दिवा दिसला तर तो शेतातल्या कोठ्याचा आहे, सायकलचा आहे की चांदणी क्षितिजाला टेकली आहे, याचा निर्णय डोळ्याला चटकन करता येत नाही. पण जो दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो, त्याच्याकडे नजर आपल्या इच्छेची वाट न पाहता वळते. समुद्रकाठच्या दीपस्तंभांनी हे मर्म फार पूर्वी हेरले होते. स्वीडनच्या गुस्ताफ दालेनला 1912 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते ॲसिटिलीन वायूवर चालणारे दीपस्तंभ आणि बोये यांचा वायुपुरवठा आपोआप नियंत्रित करणाऱ्या योजनांबद्दल. एका लुकलुकत्या दिव्यापायी नोबेल मिळावे, याचे आज कोणाला नवल वाटेल, परंतु ज्याने वादळात किनारा शोधला आहे किंवा ज्याने पावसाळी रात्री फाटा चुकवून पाच कोस पलीकडे जाऊन गाडी मागे फिरवली आहे, त्याला वाटणार नाही.

आमच्या मुलखात हा दिवा प्रथम आला तो ट्रकच्या अंगावर. इंडिकेटर हे त्याचे नाव आज लहान पोरालाही ठाऊक आहे. परंतु त्याला लुकलुकवणारी जी डबी डॅशबोर्डखाली लपलेली असे, तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. जुन्या गाड्यांतील या डबीत ट्रान्झिस्टर नव्हता, काही नव्हते. दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी असे. दिव्याचा प्रवाह वाहू लागला की ती तापे, एक धातू दुसऱ्यापेक्षा अधिक प्रसरण पावल्यामुळे ती वाके आणि संपर्क बदलून दिव्याची स्थिती पालटे. निवली की पूर्ववत होई. तिचा तो टिक-टिक आवाज म्हणजे चालकाला मिळणारी पोचपावती. तिची एक खुबी अशी, की मागचा एखादा बल्ब उडाला तर प्रवाह कमी होई, पट्टी सावकाश तापे आणि टिकटिकीचा ठेका बिघडे. जाणता क्लीनर तेवढ्यावरून खाली उतरून मागचा दिवा पाहायला जात असे. पुढे इलेक्ट्रॉनिक डब्या आल्या तेव्हा त्यांत नेमके उलट करून ठेवले, बल्ब उडाला की दिवा दुप्पट घाईने लुकलुकू लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियमावलीने या लुकलुकण्यालाही कायद्याच्या चौकटीत बसवले आहे : मिनिटाला साठाहून कमी नाही आणि एकशेवीसहून अधिक नाही.

नियम आहे तसा रस्त्याचा रिवाजही आहे, आणि या दोहोंचे नेहमी जमतेच असे नाही. मागून घाई करणाऱ्या गाडीला ‘जा पुढे, समोर मोकळे आहे’ असे सांगण्यासाठी उजव्या बाजूचा इंडिकेटर लावण्याची ट्रकचालकांत सर्रास रीत आहे. कायद्याच्या भाषेत त्याच दिव्याचा अर्थ ‘मी उजवीकडे वळतो आहे’ असा होतो. सरळसोट रस्त्यावर ही द्व्यर्थता खपून जाते. फाट्यावर ती खपत नाही, कारण तेथे खरोखरच उजवीकडे वळणारे असतात, आणि एकाच दिव्याचे दोन अर्थ एकाच क्षणी जिवंत होतात. पुढे जाणाऱ्याने कोणता अर्थ घ्यावा हे ठरविण्यास त्याच्यापाशी सेकंद-दोन सेकंदांचाच अवधी असतो. तेव्हा दिवा लुकलुकविण्याचे यंत्र सुधारले, त्याची भाषा मात्र अद्याप पक्की झालेली नाही, असे म्हणणे भाग आहे.

रस्त्यावरचा दिवा कामाचा, मांडवातला हौसेचा. हिंगोलीचा दसरा हा खाकीबाबांच्या मठाशी निगडित असलेला जुना व प्रख्यात उत्सव. औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचे स्थान, तेथे महाशिवरात्रीला यात्रा भरते. याखेरीज गावोगावचे उरूस, भागवत सप्ताह आणि लग्नसराई. या सर्व प्रसंगी पूर्वी गॅसबत्त्या असत. त्या डोक्यावर घेऊन वरातीबरोबर चालणारी माणसे आणि मधूनच खाली उतरवून पंप मारणारा गडी ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या प्रकाशाचा सूं-सूं आवाजही आठवत असेल. विजेची जनित्रे भाड्याने मिळू लागल्यावर गॅसबत्ती मागे पडली आणि रंगीत बल्बांच्या माळा, म्हणजे सिरीज, आल्या. नुसत्या जळणाऱ्या माळांवर लोकांचे समाधान किती दिवस व्हावे? माळ धावली पाहिजे, कमानीवरून प्रकाश सरपटत गेला पाहिजे, मोराचा पिसारा उलगडला पाहिजे, अशी मागणी होऊ लागली. ती पुरवली गेली ती रोलरने.

हा रोलर म्हणजे लोखंडी आसावर बसवलेले लाकडी पिंप. त्याच्या अंगावर तांब्याच्या पट्ट्या अशा बेताने ठोकलेल्या, की पिंप लहानशा मोटरीने फिरू लागले की एकेका पट्टीला एकेका माळेचा स्पर्शक क्रमाने टेकावा आणि सुटावा. कोणता बल्ब कधी लागावा हे सर्व त्या पट्ट्यांच्या लांबी-रुंदीत आगाऊ लिहिलेले असे, आणि ते लिहिणारा माणूस बहुधा फारसा शिकलेला नसे. त्याच्या हाताला मात्र हिशेब होता. प्रत्येक स्पर्शाला ठिणगी उडे, तांबे काळवंडे, मधूनमधून काचकागदाने पट्ट्या घासाव्या लागत आणि मांडवामागे ओझोनचा तो विशिष्ट तिखट वास कोंदलेला असे. काळ आणि क्रम या दोन अमूर्त गोष्टी लाकूड-तांब्यात कोरून ठेवण्याची ही कारागिरी आता दिसेनाशी झाली आहे. तिचे एखादे पिंप कोण्या वस्तुसंग्रहालयाने जतन केले असते, तर ते तलवारी-जंबियांच्या रांगेत मुळीच कमी प्रतीचे दिसले नसते.

आता इलेक्ट्रॉनिक्सकडे वळावयाचे. या मुलखात तिचा पहिला दूत रेडिओ. हैदराबादचे डेक्कन रेडिओ हे निजामी राज्यातील केंद्र 1935 सालचे. मराठवाड्याला परभणीचे आकाशवाणी केंद्र मिळाले ते 1968 साली. रेडिओ घरात ठेवावयाचा तर 1885 च्या तार कायद्यान्वये परवाना लागे, त्याचे पुस्तक पोस्टातून नूतन करून घ्यावे लागे, आणि ही पद्धत ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालू होती. घराघरांत रेडिओ शिरला तसा तालुक्याच्या पेठेत रेडिओ दुरुस्त करणारा आला. त्याचे दुकान म्हणजे एक टेबल, एक मल्टिमीटर, राळेचा वास आणि पाठीमागे पोट उघडे पडलेल्या मर्फी, बुश, फिलिप्स यांची उतरंड. साठच्या दशकात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ट्रान्झिस्टर देशात बनवावयास आरंभ केला आणि व्हॉल्व्हचे सेट मोडीत निघू लागले. सुटे भाग तालुक्यात मिळत नसत. पुण्याकडे ओढा असलेला माणूस बुधवार पेठेतील तपकीर गल्ली गाठी, मुंबईस जाणारा लॅमिंग्टन रोड. मराठवाड्यातील पुष्कळांना मात्र जुन्या राजकीय संबंधांमुळे हैदराबाद जवळचे वाटे आणि तेथील कोटीमधील गुजराती गल्लीतून पिशवीभर रोध (रेझिस्टर), धारित्रे (कपॅसिटर) आणि ट्रान्झिस्टर घेऊन ते रात्रीच्या गाडीने परतत. राज्य गेले तरी बाजाराची वाट लवकर बदलत नाही.

या कारागिराच्या हाताखाली जो मुलगा शिकावयास येई, त्याला लगेच कोणी गिऱ्हाइकाच्या रेडिओला हात लावू देत नसे. त्याला आधी करावयाला दिले जाई ते आपोआप उघडझाप करणाऱ्या दिव्याचे सर्किट, कारण त्यात सामान थोडे आणि चुकले तर नुकसान अल्प. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील रेडिओ-टीव्ही मेकॅनिकच्या वर्गात आणि शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतही आरंभ बहुधा येथूनच होई. हे सर्किट दिसावयास पोरखेळाचे असले तरी त्याची वंशावळ मोठी आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेंच सैन्याच्या तारायंत्र विभागात काम करणाऱ्या आँरी अब्राहम आणि यूजेन ब्लोक या दोघा भौतिकशास्त्रज्ञांनी दोन व्हॉल्व्ह एकमेकांना अशा रीतीने जोडले, की एक चालू झाला की दुसरा बंद पडावा आणि काही काळाने त्यांनी आपापल्या जागा आपण होऊन बदलाव्या. 1919 साली त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि त्याला मल्टिव्हायब्रेटर हे नाव दिले. त्यांना दिवा लुकलुकवायचा नव्हता, बिनतारी लहरींची वारंवारता मोजण्यासाठी एक प्रमाण हवे होते. 1947 च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला, आणि व्हॉल्व्हची जागा त्याने घेतल्यावर तेच सर्किट टॉर्चच्या सेलवर चालण्याइतके गरीब-परवर झाले.

त्याची रचना येथे थोडी निवांतपणे पाहण्यासारखी आहे. बीसी 148 किंवा पुढच्या काळातील बीसी 547 जातीचे दोन ट्रान्झिस्टर, दहा मायक्रोफॅरडची दोन धारित्रे, 47 किलोओहमचे दोन व 470 ओहमचे दोन रोध, दोन एलईडी आणि नऊ व्होल्टची एक बॅटरी, एवढ्यावर सारा संसार. पहिला ट्रान्झिस्टर चालू असतो तेव्हा त्याचा दिवा जळतो, आणि त्याच्याशी जोडलेले धारित्र दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा बेस शून्याच्याही खाली दाबून धरते, त्यामुळे दुसरा निपचित पडून राहतो. पण 47 किलोओहमच्या रोधातून विद्युत्भार थेंबाथेंबाने येत असतो. धारित्राची ती पकड सैल होत जाते, बेसचा दाब वर चढतो आणि सुमारे सहादशांश व्होल्टचा उंबरठा ओलांडला रे ओलांडला, की दुसरा ट्रान्झिस्टर चालू होऊन त्याच क्षणी पहिल्याला दाबून टाकतो. मग पहिल्याने वाट पाहावयाची. वाट किती पाहावयाची याचे गणित सोपे आहे : रोध गुणिले धारित्र गुणिले 0.69. वर दिलेल्या आकड्यांनी ते सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याजवळ येते, म्हणजे दोघांचे वाट पाहणे मिळून मिनिटाला नव्वदच्या आसपास उघडझापी. मोटार नियमावलीच्या दोन मर्यादांच्या बरोबर मधोमध.

विचार करणाऱ्या विद्यार्थ्याला येथे एक शंका यावयास हवी, आणि चांगल्या उस्तादाने ती स्वतःहून काढावयास हवी. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या आहेत, तर बॅटरी जोडल्याबरोबर आधी कोणी लागावे? कागदावरच्या आकृतीत याचे उत्तर नाही. आकृतीप्रमाणे पाहिले तर दोघांनी एकमेकांची वाट पाहत अर्धवट अवस्थेत अडकून पडावे. प्रत्यक्षात असे घडत नाही, कारण बाजारात एकाच पुडीतून आलेले दोन ट्रान्झिस्टरही गुणाने कधीच एक नसतात. एकाची वर्धनशक्ती तसूभर अधिक, एका धारित्राचे मूल्य किंचित कमी, आणि तेवढ्या सूक्ष्म फरकाला सर्किट क्षणार्धात मोठे करून दाखवते. कारखान्याच्या ज्या उणिवेबद्दल अन्यत्र कुरकुर करावयाची, तिच्याच बळावर येथे आरंभ होतो.

नवशिक्याच्या चुकाही परंपरेने ठरलेल्या आहेत. एलईडीचा लांब पाय धन बाजूला हवा, तो ऋणाला जातो. विद्युत्-अपघटनी धारित्र उलटे लागते. ट्रान्झिस्टरच्या तीन पायांचा क्रम जातीजातीत बदलतो, तो पाठ नसतो. पण सर्वांत फसवी चूक रंगांची. 47 किलोओहमच्या रोधावर पिवळा, जांभळा, नारिंगी असे पट्टे असतात आणि 470 ओहमच्या रोधावर पिवळा, जांभळा, तपकिरी. नारिंगी आणि तपकिरी हे दोन रंग मिणमिणत्या बल्बखाली सख्खे भाऊ दिसतात. त्यांची अदलाबदल झाली आणि बेसला 470 ओहम गेला, तर दोन्ही दिवे अखंड जळत राहतात आणि पोरगा सर्किट मोडून पुन्हा पहिल्यापासून जोडू लागतो. दिव्याच्या बाजूला 47 किलोओहम गेला, तर दिवा जवळजवळ लागतच नाही. यासाठी जुने कारागीर रोध पाटावर मांडून, उजेडात धरून, मीटरने तपासून मगच सोल्डर लावत. सोल्डर करताना आधी तार तापवावी आणि मग कथील लावावे, कथील सोल्डरच्या इस्त्रीवर वितळवून तारेवर टाकू नये, हे ज्ञानही पुस्तकापेक्षा पाठीवर बसलेल्या थापेने लवकर येई.

एलईडीचाही आपला इतिहास आहे. निक होलोनियाक याने दिसणाऱ्या लाल प्रकाशाची एलईडी 1962 साली सिद्ध केली, पण तालुक्याच्या दुकानात ती सुलभ होण्यास बराच काळ जावा लागला. तोवर टॉर्चचा बल्ब आणि जर्मेनियमचे जाडजूड ट्रान्झिस्टर यांवरच भागवीत, आणि बल्बची भूक अशी, की सेल दोन-तीन संध्याकाळींत थंड पडत. एलईडीने ही उधळपट्टी थांबवली. त्यापाठोपाठ 555 नावाची आठ पायांची चकती (चिप) आली. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या हान्स कामेनझिंड याने ती 1971 साली अमेरिकेतील सिग्नेटिक्स कंपनीसाठी आखली आणि पुढल्या वर्षी ती बाजारात आली. तिच्याशी 4017 ही मोजणी करणारी चकती जोडली, की एकामागून एक दहा दिवे धावू लागतात. मांडवातला तो लाकडी रोलर या दोन चकत्यांनी आपल्या जागेवरून उठवला. पिंप, मोटर, ठिणग्या आणि काचकागद यांची जागा तळहाताएवढ्या पट्टीने घेतली, आणि रोषणाईवाल्यांपैकी ज्यांनी सोल्डरची इस्त्री हाती धरली ते टिकले, इतरांनी मंडपाच्या कनाती भाड्याने देण्याचा धंदा पत्करला.

विद्येच्या प्रसाराची म्हणून जी बाजू आहे, ती थोडक्यात सांगतो. मराठी विज्ञान परिषद 1966 ची. पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली स्थापिला, आणि शाळकरी मुलांनी विजेचे, शेतीचे, बांधकामाचे काम हातांनी करीत शिकावे ही कल्पना तेथून अनेक ग्रामीण शाळांत गेली. नांदेडला श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय 1981 साली निघाले, त्यामुळे या पट्ट्यातील मुलांना त्या शिक्षणासाठी औरंगाबाद किंवा हैदराबाद गाठण्याची निकड राहिली नाही. आजची मुले आर्डुइनोची निळी पट्टी संगणकाला जोडून पहिला प्रोग्राम चालवतात, आणि तो प्रोग्राम म्हणजे पुनश्च लुकलुकता दिवाच असतो : हजार मिलिसेकंद चालू, हजार मिलिसेकंद बंद. सोय निर्विवाद आहे. मात्र तेथे काळ आकड्यांत सांगितला जातो, धारित्रात भरताना हाताला कळत नाही. आधी दोन ट्रान्झिस्टरांचे सर्किट आणि मग आर्डुइनो, हा क्रम मला अधिक पसंत आहे, जरी वेळापत्रकात त्याला जागा काढणे शिक्षकांना जड जाते हे मी जाणतो. याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा परिसरात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हावयाची आहे. तिला 2016 साली केंद्र सरकारची तात्त्विक मान्यता आणि 2023 साली सुमारे 2,600 कोटी रुपयांची अंतिम मंजुरी मिळाली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांतून धावणाऱ्या लेसर किरणांतील अतिसूक्ष्म भेद तेथे टिपला जाईल. तेथवर जाणाऱ्या जिल्ह्यातल्या मुलाची पहिली पायरी तरीही पिवळा, जांभळा, नारिंगी हीच राहणार.

आता राहिला तो शेताचा भाग, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 20 जून 1960 रोजी स्थापन झाले, येलदरीच्या धरणावर जलविद्युत केंद्र आले, परळीला औष्णिक केंद्र उभे राहिले, ग्रामीण विद्युतीकरण निगम 1969 साली निघाले, आणि विहिरी-बोअरवर मोटारी बसू लागल्या. वीज आली, पण ती आपल्या वेळेने येई आणि आपल्या वेळेने जाई. भारनियमनाच्या वर्षांत तर शेतीचा पुरवठा रात्री-अपरात्री होऊ लागला, आणि दोन वाजता लाइट आली की शेतकऱ्याने उठून, विंचू-सापांच्या वाटेने जाऊन स्टार्टरची हिरवी कळ दाबावी, असा प्रकार झाला. रेडिओ दुरुस्तीचा धंदा याच सुमारास ओसरत होता. ज्याचे टेबल रिकामे पडले होते, त्या कारागिराने स्टार्टरला बसणारा ऑटो बनवावयास घेतला. तीन फेजची वीज परतली, की हा ऑटो काही सेकंद थांबतो, दाब स्थिर होऊ देतो आणि मग रिले ओढून मोटार चालू करतो. हे थांबणे येते कोठून? त्याच रोधातून आणि त्याच धारित्रातून. मांडवात आणि पुठ्ठ्यावर ज्या हिशेबाने दिवा लुकलुकत होता, त्याच हिशेबाने आता रात्री दोन वाजता हळदीला पाणी सुटू लागले. वीज कंपनीला हे फारसे मानवले नाही. सगळ्या शिवारातील मोटारी एकदम सुरू झाल्या की रोहित्रावर भार कोसळतो, म्हणून ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा, अशी आवाहने महावितरण वारंवार करीत आले. दोन्ही पक्ष आपापल्या जागी रास्त आहेत. रोहित्र जळाले की ते येण्यास दिवस लागतात, आणि पीक तोवर थांबत नाही.

ऑटोमागून मोबाइलवर चालणारे स्टार्टर आले, आणि आता सौर पंप. फाट्यावरून हदगावकडे वा बाळापूरकडे निघाले, की रस्त्याच्या दुतर्फा शेतांत निळ्या पाट्या दिसतात. त्यांखालच्या काही कंट्रोलरांना पडदा नसतो, तेव्हा पंप का बंद पडला हे एक लाल दिवा आपल्या उघडझापेच्या मोजणीने सांगतो. दुरुस्तीवाला दहा गावांचा एकच, त्याला प्रत्येक ठिकाणी धावता येत नाही, म्हणून निम्मी तपासणी फोनवरच होते.

“मालक, लाल लाइट किती खेप मारायलाय, बघा बरं.”

“तीन खेप मारून थांबायलाय. मग पुन्हा तीन.”

“मग बोअरमधलं पाणी खाली गेलंय. घंटाभर बंद ठेवा, मग लावा. न्हाई झालं तर मी सांच्याला येतो.”